‘सोयीनुसार भेट’ लिहू नका: घटस्फोटाच्या मध्यस्थीत मुलांचा पालकत्व आराखडा कसा बनवायचा

कौटुंबिक न्यायालयात दाखल होणाऱ्या संमती अटींमध्ये एक वाक्य वारंवार दिसतं: ‘मुलाचा ताबा आईकडे राहील व वडील परस्पर सोयीनुसार मुलाला भेटू शकतील.’ लिहायला दोन मिनिटं लागतात, वाचायला समंजस वाटतं आणि पहिल्या दिवाळीला मोडतं. सोय कुणाची, वार कोणता, मूल आणायला जायचं कुणी, त्या दिवशी ताप असला तर काय, यातलं काहीच त्यात नाही. ज्या दोघांचं जमत नाही म्हणून वेगळं व्हायचं ठरलं, त्यांनी दर शनिवारी नव्याने जमवून घ्यावं, असं हे वाक्य मागतं.

मध्यस्थीचा मोठा उपयोग इथे आहे. न्यायाधीशांसमोर एका दिवशी बोर्डावर कितीतरी प्रकरणं असतात. तुमच्या मुलीचा बुधवारचा कथ्थकचा क्लास किती वाजता सुटतो, हे त्यात ऐकलं जाणार नाही. मध्यस्थाच्या टेबलावर ते ऐकलं जातं, लिहिलं जातं आणि दोघांच्या सहीनिशी न्यायालयात जातं. हा लेखी कागद म्हणजेच पालकत्व आराखडा.

मध्यस्थीपर्यंत कसं पोहोचायचं

प्रकरण दाखल झालं असेल तर कौटुंबिक न्यायालयात आधी विवाह समुपदेशकांकडे पाठवतात. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम ९ प्रमाणे तडजोडीचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कर्तव्यच आहे. समुपदेशकांकडे जमलं नाही, तरी दार बंद होत नाही. समुपदेशकांनी अपयशाचा अहवाल दिला तरी पोटगी आणि मुलांचा ताबा अशा विषयांत पक्षकारांना त्यांच्या संमतीने मध्यस्थी केंद्राकडे पाठवावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये के. श्रीनिवास राव विरुद्ध डी. ए. दीपा या निकालात सांगितलं आहे. न्यायालय आपणहून पाठवत नसेल तर साधा अर्ज द्या. दोघांनी मिळून पुरसिस, म्हणजे न्यायालयाला लेखी निवेदन, दिली तर काम लवकर होतं.

केस अजून दाखल केलेली नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. ते जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. दावा दाखल होण्यापूर्वीच्या मध्यस्थीसाठी तिथे अर्ज घेतात. स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता तिथून मोफत वकीलही मिळतो. न्यायालयाशी जोडलेल्या केंद्रातल्या मध्यस्थाची फी पक्षकारांना भरावी लागत नाही. खासगी मध्यस्थ बैठकीप्रमाणे किंवा तासाप्रमाणे फी घेतात. तिथे जात असाल तर फी कोण किती भरणार हे आधीच लिहून घ्या. नाहीतर पहिला वाद त्याच्यावरच होतो.

समुपदेशक आणि मध्यस्थ यांच्यातला फरक समजून घ्या. समुपदेशक न्यायालयाचा कर्मचारी असतो. तो मुलाशी बोलू शकतो, घरी भेट देऊ शकतो, न्यायाधीशांना अहवाल देऊ शकतो. मध्यस्थ निकाल देत नाही आणि कोण खरं हे ठरवत नाही. मध्यस्थी फसली तर त्याने न्यायालयाला फक्त ‘मध्यस्थी यशस्वी झाली नाही’ एवढंच कळवायचं, आत कोण काय म्हणालं ते नाही. ही गुप्तता पक्की आहे, पण मुलाच्या बाबतीत तिला मर्यादा आहे. २०१९ च्या पेरी कन्साग्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुलाशी झालेल्या बोलण्यावरचे मध्यस्थाचे आणि समुपदेशकाचे अहवाल ताब्याच्या निर्णयासाठी विचारात घेतले. म्हणून मुलाला पढवून आणू नका. पढवलेलं मूल अनुभवी माणसाला पहिल्या पाच मिनिटांत कळतं, आणि त्या पाच मिनिटांचा ताण मूल बरेच दिवस वागवतं.

घरात मारहाण झाली असेल, मुलावर लैंगिक अत्याचाराची शंका असेल, किंवा समोरच्याच्या नुसत्या नजरेनेच एकाची वाचा बसत असेल, तर एका टेबलावर बसायचं मान्य करू नका. मध्यस्थाला आणि वकिलाला हे पहिल्याच दिवशी सांगा. काही वेळा वेगवेगळ्या खोल्यांत बसवून, येण्याजाण्याच्या वेळा वेगळ्या ठेवून काम होतं. काही वेळा मध्यस्थी थांबवून न्यायालयाकडूनच तात्पुरता आदेश घेणं हाच योग्य मार्ग असतो. भीतीपोटी केलेली सही मुलाला सुरक्षित ठेवत नाही.

बैठकीला जाण्यापूर्वीचा कागद

रिकाम्या हाताने गेलात तर पहिली बैठक जुनी भांडणं उगाळण्यात जाते. चार कागद तयार करा.

पहिला, मुलाचा आत्ताचा आठवडा. सोमवार ते रविवार, उठण्यापासून झोपण्यापर्यंत. डबा कोण भरतं, बसथांब्यावर कोण सोडतं, अभ्यासाला कोण बसतं, रात्री कुणाजवळ झोप लागते. हवा तसा आठवडा लिहू नका, आहे तसा लिहा. दोघांनी वेगवेगळा लिहून आणला तर फारच उत्तम, कारण दोन कागदांतला फरक हाच चर्चेचा खरा मुद्दा असतो.

दुसरा, शाळेचं वर्षाचं वेळापत्रक: सुट्ट्या, परीक्षा, पालकसभा, स्नेहसंमेलन. तिसरा, मुलाचा गेल्या १२ महिन्यांचा खर्च: फी, व्हॅन, शिकवणी, वह्या-पुस्तकं, कपडे, डॉक्टर, विम्याचा हप्ता. अंदाजे आकडा सांगू नका, पावत्या आणि बँकेच्या नोंदी जोडा. पोटगीचा अर्ज असेल तर उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यावंच लागतं. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालापासून त्याचा नमुना ठरलेला आहे. चौथा कागद दोन्ही घरं, शाळा आणि नोकरीची ठिकाणं यांमधली अंतरं, पण किलोमीटरमध्ये लिहू नका. सकाळी ७ ला आणि संध्याकाळी ६ ला लागणाऱ्या मिनिटांत लिहा. हडपसर ते हिंजवडी किंवा ठाणे ते अंधेरी हा प्रवास रविवारी एक असतो आणि मंगळवारी वेगळा. बऱ्याच आराखड्यांतली आठवड्याच्या मधली भेट या कागदाअभावीच कोसळते.

चर्चेचा क्रम

साधारण दीड-दोन तासांची एक बैठक धरा, आणि तीन ते सहा बैठकांची तयारी ठेवा. मध्यस्थ आधी दोघांना एकत्र ऐकतो, मग प्रत्येकाशी स्वतंत्र बोलतो. स्वतंत्र बैठकीत सांगितलेली गोष्ट तुमच्या परवानगीशिवाय पलीकडे जात नाही. पण ‘हे सांगितलं तरी चालेल’ आणि ‘हे सांगू नका’ हे तुम्ही स्पष्ट म्हणायला हवं.

क्रमाबद्दल आमचं मत ठाम आहे: आधी नेहमीचा आठवडा, मग सुट्ट्या, मग सण, मग निर्णय कुणी घ्यायचे, आणि पैसा सगळ्यात शेवटी. पैसा आधी घेतला की दिवसांचा सौदा सुरू होतो. ‘दोन रात्री जास्त देते, पण खावटी एवढी हवी’ असं एकदा बोललं गेलं की मूल टेबलावरची वस्तू होतं. पैसे थकले तरी भेट थांबणार नाही आणि भेट चुकली तरी पैसे थांबणार नाहीत, हे वाक्य आराखड्यात स्वतंत्र कलम म्हणून घाला.

नेहमीचा आठवडा

वयाकडे आधी पाहा. तान्ह्या आणि दोन-अडीच वर्षांच्या मुलाला पंधरा दिवसांतून एकदाची लांब भेट जड जाते. मधल्या काळात चेहरा परका होतो, मूल रडतं, आणि ‘बघा, ते जातच नाही’ असा निष्कर्ष निघतो. या वयात भेटी लहान आणि वारंवार हव्यात. उदाहरणार्थ, पहिले दोन महिने आठवड्यातून तीनदा दोन-दोन तास, ओळखीच्या जागी. मग एक अख्खा दिवस. मग एक रात्र. पुढची पायरी कोणत्या तारखेला सुरू होणार ते लिहा. ‘मूल रुळल्यावर’ असं लिहिलं की ते रुळलं की नाही यावरच वाद होतो. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असतो. पण त्यामुळे वडिलांच्या रात्री आपोआप शून्य होत नाहीत.

शाळेच्या वयात शनिवार-रविवार येतो, आणि इथे एक बारीक गाठ आहे. ‘दुसरा आणि चौथा शनिवार’ लिहिलात तर ज्या महिन्यात पाच शनिवार येतात, त्यानंतर भेटीत तीन आठवड्यांची खिंडार पडते. ‘एक आड एक शनिवार, सुरुवात अमुक तारखेपासून’ लिहिलात तर अंतर कायम १४ दिवस राहतं. मात्र आई किंवा वडील बँकेत असतील तर दुसरा-चौथाच सोयीचा, कारण तेव्हाच त्यांना सुट्टी असते. मग पाचव्या शनिवारचं काय, तेवढं लिहा. चांगलं कलम असं दिसतं:

‘प्रत्येक महिन्याच्या दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सकाळी १० वाजता वडील मुलीला आईच्या सोसायटीच्या गेटवरून घेतील व रविवारी संध्याकाळी ६ वाजता तेथेच सोडतील. महिन्यात पाचवा शनिवार आल्यास त्या दिवशी सकाळी १० ते संध्याकाळी ६ मुलगी वडिलांकडे असेल. उशीर होत असल्यास किमान एक तास आधी संदेश पाठवावा. ३० मिनिटांहून अधिक उशीर झाल्यास व संदेश नसल्यास त्या दिवसाची भेट रद्द समजावी. मुलगी आजारी असल्यास डॉक्टरांची चिठ्ठी पाठवावी व ती भेट पुढच्या शनिवारी द्यावी.’

शेवटच्या वाक्याला ‘भरपाईची भेट’ म्हणतात. ती नसली की आजारपण हे भेट टाळायचं साधन होतं, किंवा खरं आजारपणही खोटं वाटू लागतं.

देवाणघेवाणीची जागा विचार करून निवडा. शाळा सर्वांत चांगली: शुक्रवारी शाळेतून एकाने घ्यायचं, सोमवारी शाळेतच सोडायचं. दोघांची समोरासमोर गाठच पडत नाही, आणि मुलाला ‘एकाला सोडून दुसऱ्याकडे’ जावं लागत नाही. पोलीस ठाण्याचा दरवाजा ही जागा नको. तणाव फार असेल तर सुरुवातीचे काही आठवडे न्यायालयाच्या आवारातल्या मुलांच्या खोलीत, जिला वकील मंडळी ‘चिल्ड्रन्स कॉम्प्लेक्स’ म्हणतात, भेट ठेवतात. पण तिथून बाहेर कधी पडायचं त्याची तारीखही लिहा. मुलाने वर्षानुवर्षं वडिलांना किंवा आईला न्यायालयातच भेटू नये.

पिशवीत काय जाईल तेही ठरवा: दप्तर, गृहपाठाची वही, सोमवारचा युनिफॉर्म, चष्मा. दम्याचं मूल असेल तर इनहेलर आणि स्पेसर दोन्ही घरी एकेक वेगळा ठेवा आणि डॉक्टरांच्या सूचनेची प्रत दोन्हीकडे भिंतीला लावा. इनहेलर विसरला म्हणून रात्री साडेअकराला फोन करायची वेळ येणं, हे टाळता येण्यासारखं संकट आहे.

सुट्ट्या आणि सण

मे महिन्याची सुट्टी अर्धी-अर्धी वाटतात. पण ‘पहिली अर्धी’ कधी संपते? शाळेने जाहीर केलेल्या तारखांवरून दिवस मोजायचे, सम वर्षी पहिला भाग आईकडे, विषम वर्षी वडिलांकडे, असं लिहा. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. कोकणात किंवा नागपूरला जायचं असेल तर मेचे दिवस फेब्रुवारी संपेपर्यंत नक्की झालेले हवेत. म्हणून ‘२० फेब्रुवारीपर्यंत दोघांनी लेखी कळवावं, न कळवल्यास वरचा क्रम लागू’ असं कलम घाला.

सणांना तारीख लिहू नका, तिथी लिहा. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये अधिक मासामुळे ती १४ सप्टेंबरला आहे. ‘गणपतीत मूल वडिलांकडे’ एवढ्यानेही भागत नाही. गणपती दीड दिवसांचा की पाच की गौरींबरोबर जाणारा, गावी की शहरात, येण्याजाण्याचे दिवस धरून की वगळून? ज्या घरी गणपती बसतो ते घर सहसा बदलत नाही, त्यामुळे हा सण आलटून-पालटून वाटण्यात अर्थ नसतो. तो एकाकडे कायम द्या आणि दुसऱ्याला तितक्याच मोलाचा दुसरा सण कायम द्या. दिवाळी मात्र वाटता येते: नरकचतुर्दशी ते पाडवा एकाकडे, भाऊबीज दुसऱ्याकडे, पुढच्या वर्षी उलट. भावंडं असतील तर भाऊबीजेला ती एकत्रच असतील, हे वेगळं लिहा. ईद, नाताळ, नवरोज यांनाही हाच हिशोब. मुलाच्या वाढदिवसाला शाळा असेल तर संध्याकाळी दोन तास दुसऱ्या पालकाला द्या.

सण, सुट्टी आणि नेहमीचा शनिवार एकाच दिवशी आले तर काय? क्रम लिहा: सण आधी, मग सुट्टी, मग आठवडा. ही एक ओळ नसल्यामुळे वकिलांकडे गेलेले वाद आम्ही मोजायचे सोडून दिले आहेत.

फोन, शाळा, डॉक्टर, पैसा

ज्या पालकाकडे मूल नाही त्याला रोज फोन किंवा व्हिडिओ कॉल मिळावा, असं सर्वोच्च न्यायालयाने यशिता साहू प्रकरणात २०२० मध्ये म्हटलं आहे, रोज पाच-दहा मिनिटांचा. वेळ बांधा, समजा ७.३० ते ७.५० च्या दरम्यान. स्पीकर नको, मागून प्रश्न सुचवणं नको, आणि मूल दोन मिनिटांत खेळायला पळालं तर तो कुणाचाही गुन्हा नाही.

शाळेच्या नोंदीत दोघांची नावं आणि फोन हवेत. प्रगतीपुस्तक दोघांनाही दिसलं पाहिजे. शाळा बदलणं, शस्त्रक्रिया, पासपोर्ट हे दोघांनी मिळून ठरवायचे निर्णय. रोजचं जेवण, झोप, साधं औषध हे ज्याच्याकडे मूल आहे त्याचं. तातडीच्या उपचारात आधी उपचार, मग लगेच फोन. एकमत होत नसेल तर सात दिवस, मग ठरलेल्या बालरोगतज्ज्ञांचा किंवा मुख्याध्यापकांचा सल्ला, मग मध्यस्थाकडे एक बैठक, आणि त्यानंतरच न्यायालय.

पैशाचं साधं सूत्र उत्पन्नाच्या प्रमाणाचं. एकाचं मासिक उत्पन्न ७२,००० आणि दुसऱ्याचं ४८,००० असेल तर प्रमाण ६०:४०. मुलाचा महिन्याचा खर्च १८,००० असेल तर वाटा १०,८०० आणि ७,२००. फी शक्यतो थेट शाळेच्या खात्यात भरा. दरवर्षी जूनमध्ये किती टक्के वाढ, ते आत्ताच लिहा. एकरकमी पोटगीच्या भरात ‘मुलासाठी कधीही काही मागणार नाही’ असं लिहून देऊ नका. निर्वाहाचा हक्क मुलाचा आहे, तो आईला किंवा वडिलांना सोडून देता येत नाही. असं कलम पुढे टिकत नाही आणि मधली वर्षं मात्र मुलाची जातात.

शहर किंवा देश बदलला तर

‘शहर बदलण्यापूर्वी ९० दिवस लेखी सूचना, आणि त्या काळात भेटींचं नवं वेळापत्रक मध्यस्थापुढे’ हे कलम प्रत्येक आराखड्यात असावं, आज कुणाचा जायचा विचार नसला तरीही. पुण्या-मुंबईतून बेंगळुरू, दुबई, न्यू जर्सी हे अंतर आता एका ऑफर लेटरचं आहे. आपला देश मुलांना परदेशी नेण्या-ठेवण्याबाबतच्या १९८० च्या हेग करारात सामील नाही, त्यामुळे मूल परत आणण्याची ती आंतरराष्ट्रीय वाट इथे चालत नाही. मूल परदेशात राहणार असेल किंवा सुट्टीला जाणार असेल, तर जाण्या-येण्याची तिकिटं, पत्ता, परतीची तारीख आणि पासपोर्ट कुणाकडे, हे लिहाच. कायमच्या वास्तव्यासाठी तिथल्या न्यायालयाकडून याच अटींचा आदेश आधी घ्या. त्याला ‘मिरर ऑर्डर’ म्हणतात.

सही, हुकूमनामा आणि त्यानंतर

मसुदा तयार झाला की लगेच सही करू नका. घरी न्या, दोन दिवस ठेवा आणि पुढच्या तीन महिन्यांच्या कॅलेंडरवर प्रत्येक दिवस भरून पाहा. जिथे रंगवताना हात अडतो, तिथे कलम अपुरं आहे. ते दुरुस्त करून, प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या घेऊन मध्यस्थामार्फत न्यायालयात दाखल करा.

फक्त स्टॅम्पपेपरवरचा करार कपाटात ठेवला तर तो मोडल्यावर दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीसाठीचा अर्ज, करता येत नाही. आदेशात किंवा हुकूमनाम्यात आला तरच बजावणी होते. परस्पर संमतीच्या घटस्फोटात, म्हणजे हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब मध्ये, पहिल्या (अर्ज दाखल करण्याच्या) आणि दुसऱ्या (संमती पुन्हा सांगण्याच्या) टप्प्यात सहा महिन्यांचं अंतर असतं. ताबा, पोटगी असे सगळे प्रश्न खरोखर मिटले असतील आणि इतर अटी पुऱ्या होत असतील तर न्यायालय ते माफ करू शकतं, असं २०१७ च्या अमरदीप सिंग निकालाने सांगितलं. मात्र दुसऱ्या टप्प्यापूर्वी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणून मुलांपुरता भाग तात्पुरता आदेश म्हणून लगेच नोंदवून घ्या. घटस्फोट लांबला तरी शनिवार चुकणार नाही.

मुलांबाबतचा आदेश कधीच कायमचा गोठलेला नसतो. परिस्थिती बदलली की हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली तो बदलता येतो. आराखड्यातच फेरविचाराचे टप्पे घाला: पहिलीला, पाचवीला, आठवीला आणि दहावीनंतर. तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलाला स्वतःचे मित्र आणि स्वतःचा रविवार असतो. त्याचं मत समुपदेशकामार्फत घ्या. ‘तू ठरव’ म्हणून ओझं त्याच्या डोक्यावर देऊ नका.

आदेश झाल्यावर सही-शिक्क्याच्या नकलांसाठी त्याच आठवड्यात अर्ज करा, किमान चार घ्या. एकेक दोघांकडे, एक वकिलाकडे, एक पासपोर्ट किंवा प्रवासाच्या कामासाठी. शाळेला पूर्ण आदेश देऊ नका, त्यात तुमचे पैशाचे व्यवहार असतात. मुलाला कोणत्या दिवशी कोण नेईल एवढंच एका पानावर लिहून, दोघांच्या सह्या करून, दोघांच्या फोटोंसह वर्गशिक्षकांकडे आणि व्हॅनवाल्या काकांकडे द्या.